ताटातली ज्वारी, शेतातलं पाणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला तीन अटी घातल्या आहेत. विषय आरोग्याचा हवा, वीस मिनिटांत संपायला हवा आणि ऐकून कुणाची जेवणावरची वासना उडायला नको. पहिल्या दोन अटी पाळता येतील. तिसरीची हमी नाही, कारण मी आहारशास्त्र शिकवते, आणि आहारशास्त्रवाली बाई बोलायला उभी राहिली की लोक आपोआप ताटातला गुलाबजाम झाकून ठेवतात. तुम्ही झाकू नका. आज मी गुलाबजामबद्दल एक शब्दही बोलणार नाही.

आपल्या ग्रुपवर गेल्या काही वर्षांत दोन चर्चा सतत चालू असतात. एक असते रिपोर्टांची. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती. शाळेत गणिताचे मार्क लपवणारे लोक हे आकडे न विचारता सांगतात. दुसरी चर्चा असते पाण्याची. कुणाची बोअर पाचशे फुटांवर गेली, कुणाची सातशे फुटांवरही कोरडीच निघाली, कुणाच्या गावाला टँकर सुरू झाला. पहिल्या चर्चेत शहरात गेलेली मंडळी जास्त बोलतात, दुसरीत गावाकडे शेती करणारी. आज मला एवढंच सांगायचं आहे की या दोन चर्चांचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे आणि ते आपल्या ताटात आहे. आपल्या या कोरडवाहू मुलखात जे ताट शरीराला मानवतं, तेच जमिनीलाही मानवतं. दोघांसाठी दोन वेगळे स्वयंपाक करावे लागत नाहीत.

आधी रिपोर्टांचं बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यांनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा आता श्रीमंतांचा किंवा शहरांचा आजार राहिलेला नाही. आणि पाण्याचं, हवामानाचं बघितलं तर माणसांमुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी साधारण एक तृतीयांश वायू अन्न पिकवणं, साठवणं, नेणं, शिजवणं आणि टाकून देणं या साखळीतून येतात. धुराडी आणि गाड्या आपल्याला दिसतात, ताट दिसत नाही.

आता जरा भूगोलाचा तास घेते. सर समोर बसलेत, चुकलं तर उभं करतील. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, हे आपण फळ्यावरच्या सह्याद्रीच्या चित्रावरून शिकलो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. त्यातला बराचसा सप्टेंबरात येतो. या पावसाचं करायचं काय, याचं उत्तर आपल्या पूर्वजांनी शोधून ठेवलं होतं. काळ्या खोल जमिनीत पावसाळाभर पाणी मुरू द्यायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळू पेरायचा आणि मग त्या ओलीवर, थंडीवर आणि दवावर तो वाढू द्यायचा. वरून पाणी नाही मिळालं तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये पदरात काहीतरी पडतंच. आपली मालदांडी ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातूनच निवडून काढलेली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी धान्याची कोठारं लोकांसाठी खुली केली, ही कथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. त्या मंगळवेढ्याची ओळख आजही ज्वारीचं कोठार अशीच आहे.

या पिकाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याचं काहीच वाया जात नाही. कणीस माणसाला, कडबा जनावराला, धसकटं चुलीला. पंजाब-हरियाणात भात काढल्यावर पेंढा शेतातच जाळतात आणि दिल्लीपर्यंत धूर जातो. आपल्याकडे कडबा जाळल्याचं कुणी ऐकलंय का? कडब्याची गंज दारात उभी असणं हे तर प्रतिष्ठेचं लक्षण होतं. कडब्यामुळे दूध, दुधाच्या जनावरामुळे शेण, शेणामुळे जमीन. हे सगळं कुणी 'पर्यावरण' म्हणून करत नव्हतं. घर असंच चालायचं.

मग हे सुटलं कसं? इथे आपण स्वतःला किंवा नव्या पिढीला नावं ठेवून मोकळे होतो. "हल्लीच्या पोरांना भाकरी नको" असं म्हणतो. मला ते पटत नाही. ज्वारी ताटातून गेली त्याला कारणं आहेत आणि ती समजून न घेता "जुनं ते सोनं" म्हणत राहिलो तर ती परत येणार नाही.

पहिलं कारण भुकेचं आणि मानाचं आहे. १९७२च्या दुष्काळात आपण तीन-चार वर्षांचे होतो. आपल्यापेक्षा आपल्या शिक्षकांना ते जास्त आठवत असेल. अमेरिकेतून लाल मिलो आली होती आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. त्या मिलोच्या भाकरीची चव ज्यांच्या जिभेवर राहिली, त्यांच्या मनात भाकरी आणि लाचारी यांची गाठ बसली. त्या काळी गव्हाची पोळी सणाला व्हायची, भात पाहुणा आला की. हातात चार पैसे आल्यावर माणसांनी रोज पोळी आणि रोज भात खाल्ला, तर त्यात त्यांचं काय चुकलं? सण रोज साजरा व्हावा असं कुणाला वाटत नाही? ज्यांच्या घरी भाकरीशिवाय दुसरं काही नसायचं, त्यांना भाकरीचे गोडवे सांगताना आपण जरा जपून बोलायला हवं.

दुसरं कारण सरकारी धोरणाचं. हरितक्रांतीने गहू आणि तांदूळ वाढवला, त्याची सरकारी खरेदी झाली आणि तोच रेशनवर आला. देशाची उपासमार त्यामुळे टळली, हे कबूल करायलाच हवं. पण स्वस्त गहू-तांदूळ दारात आला आणि शेजारच्या शेतातली ज्वारी त्यापुढे महाग ठरली. तिसरं कारण ज्वारीतलंच. १९६४ साली सी.एस.एच.-१ हा पहिला संकरित वाण आला, ज्याला गावात नुसतं 'हायब्रीड' म्हणायचे. उतारा वाढला, पण खरिपातली ही ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडायची. तिला ना भाव, ना चव. पुढे खरिपात सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे पडली. चौथं कारण मजुरीचं. शाळू उपटायला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर परवडत नाहीत. या सगळ्याचा परिणाम असा की १९७०च्या सुमारास देशात ज्वारीखाली सुमारे १७० लाख हेक्टर जमीन होती, ती आता ४० लाख हेक्टरांच्या आसपास आली आहे.

आणि पाचवं कारण गोड आहे. उजनी धरण झालं, पाणी आलं आणि पाण्याबरोबर ऊस आला. साखर कारखान्यांच्या संख्येत आज आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. उसाला साधारण १८०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, आपल्याकडे पाऊस पडतो साडेपाचशे. उरलेलं कुठून येतं, ते बोअरच्या खोलीवरून कळतं. राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास ७० टक्के पाणी तो पितो, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने अहवालात नोंदवलेलं आहे. इथे आपले ऊस लावणारे मित्र बसलेत, ते रागावतील. त्यांना माझं म्हणणं एवढंच आहे की मी तुम्हाला दोष देत नाही. उसाला ठरलेला भाव आहे आणि ठरलेलं गिऱ्हाईक आहे. २०२४-२५ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये जाहीर झाला, पण जाहीर होणं वेगळं आणि त्या भावाने कुणीतरी दारात येऊन माल उचलणं वेगळं. शेतकरी तेच पिकवतो ज्याला गिऱ्हाईक असतं. आणि ज्वारीचं गिऱ्हाईक म्हणजे इथे बसलेले आपण सगळे.

आता ज्वारीत नेमकं काय आहे आणि काय नाही, ते सांगते. कारण २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि तेव्हापासून भरडधान्यांबद्दल वाटेल ते छापून येतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. सडलेल्या पांढऱ्या तांदळात प्रथिनं ८ ग्रॅम आणि तंतू ३ ग्रॅमपेक्षाही कमी. बाजरीत लोह १०० ग्रॅमला ६ मिलिग्रॅमच्या वर, नाचणीत कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या वर. हे चांगलंच आहे. पण घरच्या जात्यावरच्या किंवा गिरणीतल्या, कोंडा न काढलेल्या गव्हाच्या कणकेतही प्रथिनं आणि तंतू ज्वारीइतकेच असतात. तेव्हा पोळी खाणाऱ्याने अपराधी वाटून घेऊ नये. खरा फरक पडतो तो पांढरा भात, मैदा आणि साबुदाणा यांच्या जागी भाकरी आली तर.

आणि भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारीत दोन तृतीयांश भाग पिष्टाचाच असतो. "मी आता भाकरीच खातो" असं म्हणून कुणी पिठल्याबरोबर पाच भाकरी हाणल्या, तर साखर वाढणारच. बाजारातली ज्वारीची बिस्किटं आणि नाचणीच्या नूडल्स उचलताना पाकिटाच्या मागे बघा. बऱ्याचदा मैदा आणि साखर आधी असतात, ज्वारीचं नाव मागून येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. माझं भाषण ऐकून गोळ्या बंद करू नका.

मग किती खायचं? २०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. २००० उष्मांकांच्या आहारासाठी त्यांचा हिशेब असा आहे: धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस-मासे मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-जवस अशा बिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. हे सगळं कच्चं वजन. एका मध्यम भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे सकाळचे पोहे, दुपारचा भात, पोळ्या, रात्रीची भाकरी हे सगळं मिळून दिवसाला साधारण चार भाकरींएवढंच धान्य.

आता गणिताच्या बाईंच्या साक्षीने हा हिशेब चार माणसांच्या घराला आणि तीस दिवसांना लावू. धान्य ३० किलो. डाळी-कडधान्यं १० किलो, मांसाहारी घरात त्यातली काही अंड्या-मांसातून. तेल सव्वातीन किलो. भाज्या आठवड्याला ११ किलो. आता खरं सांगा, किती जणांच्या घरी महिन्याला १० किलो डाळी-कडधान्यं येतात? हात वर करा. (सभागृहात तीन हात वर.) आणि तेल सव्वातीन किलोतच भागतं असे किती? (एकही नाही.) बघा, आपला सगळा आजार या दोन प्रश्नांत आला. आपण धान्य आणि तेल जास्त खातो, डाळ आणि भाजी कमी.

आणि गंमत अशी की हीच चूक जमिनीलाही भोवते. तूर, हरभरा, मटकी, हुलगा, मूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. जीवशास्त्राच्या तासाला रायझोबियम म्हणून पाठ केलं होतं, ते हेच. या पिकांना युरिया फारसा लागत नाही. युरिया बनवायला नैसर्गिक वायू खर्ची पडतो आणि शेतात टाकलेल्या जास्तीच्या युरियातून नायट्रस ऑक्साइड उडून जातो, जो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जोरकस असतो. आपल्या आजोबांना यातलं काही माहीत नव्हतं, पण ते ज्वारी-बाजरीत तुरीच्या ओळी टाकायचेच, आणि शाळवाच्या कडेने करडई. जमिनीत ज्वारी आणि तूर शेजारी, ताटात भाकरी आणि आमटी शेजारी. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत जे कमी ते ज्वारीत. शेतातली जोडी ताटातही जोडीनेच काम करते.

करडईवरून आठवलं. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातल्या पामतेलाचा असतो. तिथल्या पावसाळी जंगलांची बरीच तोड या पामच्या लागवडीसाठी झाली आहे. आपण फरसाण खातो तेव्हा ते जंगल आपल्या वाटीत येतं. करडईचं किंवा शेंगदाण्याचं घाण्याचं तेल महाग आहे, हे मला माहीत आहे. उपाय सोपा आहे: महाग तेल घ्या आणि कमी वापरा. खर्च बराचसा तिथेच येतो आणि हृदयालाही बरं.

भाताचं काय, असं कोकणातल्या आपल्या दोन सुना मघाशी मला विचारत होत्या. बायांनो, तुम्ही भात खा. जिथे दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथे भात हेच शहाणपण आहे, आणि जोडीला तुमच्याकडे वरकस जमिनीतली नाचणीही आहे. प्रश्न आहे तो पंजाबसारख्या ठिकाणी जमिनीतून पाणी उपसून पिकवलेल्या तांदळाचा. तिथे वर्षाला जितकं पाणी मुरतं, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त उपसलं जातं. एक किलो साळीमागे शेतात सरासरी २५०० लिटरच्या आसपास पाणी लागतं असं भातसंशोधक सांगतात. शिवाय साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो. तेव्हा नियम असा धरा की ज्या मातीत जे सहज पिकतं, ते त्या माणसांनी जास्त खावं. कोकणात भात-नाचणी, आपल्याकडे ज्वारी-बाजरी. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असाल तर आलटून पालटून.

मात्र 'स्थानिक' या शब्दाचंही फार स्तोम माजवू नका. अन्नामुळे होणाऱ्या एकूण हरितगृह वायूंत वाहतुकीचा वाटा साधारणपणे लहान असतो. विमानाने आणलेल्या वस्तू सोडल्या, तर माल किती लांबून आला यापेक्षा तो कसा पिकला आणि काय आहे, याला जास्त महत्त्व आहे. सातासमुद्रापलीकडचा किनोआ आणला म्हणून कुणाला हसायचं कारण नाही. पण एक माहिती असावी, किनोआ हा आपल्या चाकवताचा जवळचा नातलग आहे, एकाच प्रजातिगटातला. इकडे हरभऱ्याच्या रानात फुकट उगवणारा चाकवत आपण तण म्हणून उपटून फेकतो. तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी, करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचा पाला या भाज्यांना ना पाणी द्यावं लागतं, ना फवारा. ४०० ग्रॅम भाजी परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे, निदान गावाकडे राहणाऱ्यांसाठी. ऋतूप्रमाणे खाणं म्हणजे काय, हे कळायला भोगीची भाजी आठवा: सोलाणे, वांगी, गाजर, पावटा, घेवडा, वरून तीळ आणि शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्या आठवड्यात रानात जे असतं, ते सगळं एका कढईत.

मटणाबद्दल बोलल्याशिवाय तुम्ही मला खाली बसू देणार नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन निघतो, म्हणून कोंबडी-अंड्यांपेक्षा मटणाचा हवामानावरचा भार जास्त असतो. हे खरं आहे. पण आपल्या बहुतेक घरांत मटण रविवारी शिजतं आणि एका किलोत सहा माणसं जेवतात. पाश्चात्त्य देशांत दिवसातून दोनदा मांस खाणाऱ्यांना दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. कुणी काय खावं यावरून आपल्या समाजात आधीच पुष्कळ भांडणं आहेत, त्यांत माझ्या भाषणाची भर नको. रविवारचा रस्सा खा, फक्त त्याबरोबर भाकरी खा. नाहीतरी रश्श्यात पोळी शोभतच नाही.

चहाचं मात्र सांगते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवा असं सुचवते. दोन चमच्यांचे चार कप झाले की आठ चमचे. मघाशी उसाच्या पाण्याचा हिशेब सांगितला, तो आणि तुमच्या रिपोर्टाचा हिशेब या कपात एकत्र येतात.

आता टाकून देण्याबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. हॉटेलांतून नव्हे, घरांतून. टाकलेल्या भाकरीबरोबर तिच्यामागचं पाणी, मजुरी आणि गॅस सगळंच उकिरड्यावर जातं आणि कुजताना पुन्हा मिथेन निघतो तो वेगळाच. आपल्या भागाने यावर केवढा मोठा शोध लावलाय, हे आपल्यालाच ठाऊक नाही. कडक भाकरी! फ्रीज नाही, डबाबंद प्रक्रिया नाही, रसायन नाही, आणि दिवसेंदिवस टिकते. शेंगाचटणीबरोबर ती प्रवासाला निघते. शिळ्या भाकरीचा काला, फोडणी दिलेला कुस्करा, कण्या, आंबील, ही सगळी काही न टाकण्याची विद्या आहे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. भाकरी थापणार कोण? आरोग्य आणि पर्यावरण यांवरची बहुतेक भाषणं पुरुष ऐकतात आणि त्याची अंमलबजावणी बायकांच्या मनगटावर पडते. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून तिचं पीठ गव्हासारखं तिंबून ठेवता येत नाही. दर भाकरीला पीठ मळायचं, थापायचं, तव्यावर पाणी फिरवायचं, फुगवायची, आणि गरम वाढायची तर बाई शेवटी जेवणार. आपल्या आया अशा जेवल्या. आपल्या वयात माझ्या मैत्रिणींची मनगटं आणि गुडघे दुखतात. मग त्यांनी पोळ्या लाटून डब्यात ठेवणं पसंत केलं, तर तो आळस नव्हे.

म्हणून ज्वारी परत आणायची असेल तर काम वाटून घ्यावं लागेल. पुरुष मित्रांनो, भाकरी शिकता येते. ताजं पीठ घ्या, जुन्या पिठाची विरी गेलेली असते आणि भाकरी चिरते. कडकडीत पाण्यात उकड काढून घ्या, म्हणजे पीठ धरून राहतं. पहिल्या आठ दिवसांत नकाशे होतील, भूगोलाच्या सरांना दाखवा. तेही जमत नसेल तर ज्वारीची धिरडी करा, कण्या शिजवा, थालीपीठ लावा, त्याला थापण्याचं कसब फारसं लागत नाही. आणि तेही नको असेल तर आपल्या जिल्ह्यात बचत गटांच्या कितीतरी बायका भाकरी करून विकतात. त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. भाकरीला दाम मिळाला तर ती करणारीला मान मिळेल, आणि ज्वारी पेरणाऱ्यालाही. मुंबई-पुण्याच्या मित्रांनी इथल्या आपल्या शेतकरी मित्रांकडून वर्षाची ज्वारी, तूर आणि करडईचं तेल थेट मागवलं, तर मघाशी मी ज्या गिऱ्हाइकाबद्दल बोलले ते गिऱ्हाईक याच सभागृहात उभं राहील. त्यासाठी कुठली योजना लागत नाही, आपला ग्रुप पुरे आहे. रोज सुप्रभात पाठवण्यापेक्षा हंगामात एकदा भाव पाठवा.

वीस मिनिटं संपत आली, तेव्हा गृहपाठ देते. पुढचा एक महिना घरात चार गोष्टी लिहून ठेवा: धान्य किती आलं, डाळी-कडधान्यं किती, तेल किती आणि साखर किती. माणसांच्या संख्येने भागा. धान्य आणि डाळ यांचं प्रमाण तीनास एक आलं, तर तुमचं ताट ठीक चाललंय. दहास एक आलं, तर पुढच्या महिन्यात ते सातास एक करा. एकदम सगळं बदलू नका, एकदम बदललेलं टिकत नाही. रात्रीच्या भाताच्या जागी आठवड्यातून तीन दिवस भाकरी आणि घट्ट आमटी, चहातला एक चमचा कमी, आणि डब्यात उरलेलं सकाळी संपवणं, एवढ्यावर सुरुवात होते. तुमचे तीन महिन्यांचे रिपोर्ट आणि गावाकडच्या विहिरीची पातळी एका वर्षात सुधारेल असं आश्वासन मी देत नाही. पण निदान दोन्ही बिघडवण्यात आपला हात राहणार नाही.

महिन्याचे आकडे ग्रुपवर टाका. खोटे टाकू नका, वह्या तपासायला बाई आहेतच. आणि आता जेवायला चला. आज पंगतीत गरम भाकरी आहे असं मला आतून कळलंय, आणि बाहेर चुलीपाशी थापायला आपल्या तुकडीतले दोन वीर उभे आहेत. त्यांचे नकाशे गोड मानून घ्या.